जेवढं मोलाचं वाटेल तेवढं द्या : अथेन्समधली सोफिस्टांची पायी सहल

‘या सहलीला ठरलेली फी नाही. शेवटी तुम्हाला ती जेवढ्या मोलाची वाटली असेल तेवढं द्या.’ बुकिंग करताना ही ओळ वाचली आणि मी फोन खाली ठेवला. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीला वाटलं, किती द्यायचे हे न कळल्यामुळे मला अवघडल्यासारखं झालं असेल. तसं नव्हतं. फी घ्यायची ही पद्धत मी एकतीस वर्षं वर्गात सांगत आले होते. सोफिस्ट म्हणजे प्राचीन ग्रीसमध्ये पैसे घेऊन बोलायला आणि वाद घालायला शिकवणारे शिक्षक. त्यांच्यातला पहिला नामांकित, अब्डेरा गावचा प्रोटागोरस, तत्त्वज्ञ प्लेटोच्या संवादात स्वतःच सांगतो: शिकून झालं की शिष्याने मी मागितलेली रक्कम द्यावी, ती जास्त वाटली तर देवळात जावं, शपथेवर आपल्याला या शिक्षणाचं मोल किती वाटतं ते सांगावं आणि तेवढेच पैसे ठेवावेत. सोफिस्टांवरच्या सहलीची फी सोफिस्टाच्याच पद्धतीने! सहल आखणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केलंय की आपोआप जुळून आलंय, ते मला शेवटी कळलं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीच्या कला शाखेला तर्कशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं मुलांना वादविवाद स्पर्धांसाठी तयार केलं. बहीण नर्स होती, ऑपरेशन थिएटरमध्ये. दोघी निवृत्त झाल्यावर ऑक्टोबरमध्ये आम्ही अथेन्सला सहा दिवस राहिलो. आपल्याकडच्या बहुतेक ग्रुप टूर अ‍ॅक्रोपोलिस दाखवतात, फोटो काढू देतात आणि बसमध्ये बसवतात. ज्यांना त्याच्या पायथ्याशी काय घडलं यात रस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सकाळी नऊला मोनास्तिराकी स्टेशनबाहेर जमायचं होतं. आम्ही चौदा जण. गाईड तिशीतली, तत्त्वज्ञान शिकलेली, लायसन्स असलेली. हे लायसन्स महत्त्वाचं, कारण ग्रीसमध्ये पुरातत्त्व स्थळांच्या आत माहिती सांगायला अधिकृत गाईडच लागतो. त्यामुळे ‘शेवटी द्या’ प्रकारच्या अनेक सहली कुंपणाबाहेरूनच बोटं दाखवतात. ही आत नेते. अगोरा म्हणजे जुना बाजार-चौक आणि तिथलं संग्रहालय, यांचं तिकीट मात्र आपलं आपण काढायचं.

सुरुवात मला आवडली नाही. आद्रिआनू रस्त्यावर उभं राहून तिने सोफिस्टांची ओळख करून दिली ती अशी: ‘हे लोक पैशासाठी खऱ्याचं खोटं करायला शिकवत. सॉक्रेटिस पैसे घेत नसे, तो सत्य शोधत असे.’ पन्नास वर्षांपूर्वीच्या गाईडबुकात चाललं असतं असं हे वाक्य. पाठोपाठ तिने अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४२३ च्या ‘मेघ’ या नाटकाचा दाखला दिला. त्यात एक कर्जबाजारी बाप सावकारांना टाळण्याची युक्ती शिकायला एका विचारशाळेत जातो. पण त्या नाटकात त्या शाळेचा मालक खुद्द सॉक्रेटिस आहे! शहराच्या लेखी सॉक्रेटिस आणि सोफिस्ट वेगळे नव्हतेच. चोवीस वर्षांनी खटल्यात उभा राहिल्यावर त्याला याच जुन्या प्रतिमेशी झगडावं लागलं, ‘दुबळा युक्तिवाद सबळ करून दाखवणारा’ या आरोपाशी. मी हे म्हटलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाली, ‘यावर आपण पुढे येऊ.’ आणि खरंच आली. इथून पुढे ती मला आवडायला लागली.

त्याच रस्त्यावरून, रेल्वेमार्गाच्या कडेला, खड्ड्यात रॉयल स्टोआचे अवशेष दिसतात. स्टोआ म्हणजे खांबांची लांब ओसरी. १९७० मध्ये सापडलेली ही इमारत. प्लेटोच्या संवादात सॉक्रेटिस आपल्यावरच्या फिर्यादीसाठी इथे येतो आणि दारातच एका माणसाशी धर्म म्हणजे काय यावर बोलत बसतो. गाडी धडधडत गेली की गाईडचा एक शब्द ऐकू येत नाही. इथे कानात लावायची यंत्रं द्यायला हवीत. चौदा जणांत मागच्या चार जणांना काहीच कळलं नसावं.

अगोरात शिरल्यावर ती पहिल्यांदा आम्हाला नैऋत्य कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे बघण्यासारखं काहीच नाही असं वाटतं. पाया, दोन-चार दगड, बाजाराच्या हद्दीचा एक खांब. पण इथे उत्खननात चपलांचे खिळे आणि वाद्या ओवायच्या हाडाच्या कड्या सापडल्या, आणि एका प्याल्याचा तळ, ज्यावर कोरलंय ‘सिमोनोस’, म्हणजे सायमनचा. सायमन चांभार. सॉक्रेटिस याच्या दुकानात बसायचा आणि सायमन ते बोलणं टिपून ठेवायचा, असं परंपरा सांगते.

या जागी तिने अ‍ॅरिस्टॉटलची गोष्ट सांगितली आणि ती ऐकताना मला ऊन लागेनासं झालं. तर्कदोषांवरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की आधीचे शिक्षक, गॉर्जियससारखे, शिष्यांना तयार भाषणं पाठ करायला देत. हे म्हणजे पाय दुखू नयेत याची विद्या देतो असं सांगून जोडे शिवायला न शिकवता निरनिराळ्या मापांचे तयार जोडे समोर ठेवण्यासारखं आहे. हे वाक्य मी वाचलेलं होतं. पण चांभाराच्या दुकानाच्या पायावर उभं राहून ऐकलं तेव्हा ते माझ्याबद्दल आहे हे लक्षात आलं. मी वर्षानुवर्षं मुलांना भाषणं लिहून दिली. विषयाच्या बाजूने एक, विरोधात एक. टाळ्यांची जागा कुठे, आवाज कुठे उतरवायचा, सगळं ठरवून. ढाली कॉलेजच्या कपाटात आहेत. एका वर्षी एका मुलीने दोन्ही बाजूंची भाषणं पाठ केली आणि तालमीनंतर मला विचारलं, ‘मॅडम, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?’ मी तिला सांगितलं, आधी पाठांतर पक्कं कर. त्या मुलीला मी तयार जोडे दिले होते. तिने शिवायला शिकायची वाट विचारली होती.

इथे गाईडने सोफिस्टांची बाजूही मांडली, आणि ती नीट मांडली. अथेन्सच्या कोर्टात वकील नव्हते. फिर्यादी आणि आरोपी दोघांनी स्वतः उभं राहून बोलायचं. फार तर लिसियाससारख्याकडून भाषण लिहून घ्यायचं आणि पाठ करायचं. बोलता न येणाऱ्याची जमीन जाई, घर जाई, कधी जीव जाई. म्हणजे बोलायला शिकवणाऱ्याला गिऱ्हाईक असणारच. आणि हे शिकवणारे बहुतेक परगावचे. प्रोटागोरस अब्डेराचा, गॉर्जियस सिसिलीतल्या लिओन्टिनीचा, हिप्पियस एलिसचा, प्रॉडिकस केऑस बेटाचा. अथेन्सच्या लोकसभेत नागरिक म्हणून मत द्यायचा हक्क यांना नव्हता. ज्यांना त्या शहरात मत नव्हतं, ते त्या शहराला बोलायला शिकवत होते. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही, कारण मला ती कधी सुचलीच नाही.

मग फियांचा हिशेब. त्या काळी कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राक्मा. पारोसचा एव्हेनस पाच मिना घेई, म्हणजे पाचशे द्राक्मा. प्रॉडिकसचं शब्दांवरचं व्याख्यान दोन भावांत मिळे: पन्नास द्राक्मांचं पूर्ण आणि एका द्राक्माचं छोटं. सॉक्रेटिस म्हणतो, मी एका द्राक्मावालंच ऐकलंय. गाईडने हे इतकं सहज सांगितलं की आमच्यातले दोन-तीन जण नकळत आपापल्या पाकिटाकडे बघायला लागले.

संग्रहालय अटालोसच्या स्टोआत आहे. मूळ इमारत इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, पर्गामोनच्या राजाने शहराला दिलेली. आज दिसते ती १९५३ ते १९५६ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञांनी जुन्या पायावर पुन्हा उभी केलेली. सावली, गार फरशी, बसायला जागा. या इमारतीच्या उत्तर टोकाखाली त्याहून जुन्या न्यायालयाचे अवशेष आणि मतदानाच्या चकत्या सापडल्यात. म्हणजे आपण बघतो त्या वस्तू जिथे वापरल्या त्याच जागेवर आपण उभे असतो.

सहलीतला सर्वांत मोलाचा अर्धा तास इथला. एका कपाटात मातीचं साधं भांडं आहे, आपल्याकडच्या मोठ्या कुंडीएवढं, बुडाशी बारीक तोटी. हे कोर्टाचं पाणघड्याळ. त्यावर अँटिओकिस या जमातीचं नाव आणि दोन मापांची खूण कोरलेली. साधारण ६.४ लिटर पाणी मावतं आणि ते सुमारे सहा मिनिटांत वाहून जातं. वरच्या भांड्यातून खालच्यात पाणी पडत असताना माणसाने आपलं म्हणणं मांडायचं. सुरुवातीला धार जोरात आणि लांब पडते, पाणी कमी होत गेलं की जवळ येते. बोलणाऱ्याला डोळ्यांनी दिसे की वेळ संपत आलीय. वादविवाद स्पर्धेत आम्ही घंटा वाजवतो. पहिली इशाऱ्याची, दुसरी संपल्याची. ती घंटा ऐकून गोंधळलेली कितीतरी मुलं डोळ्यांपुढे आली. धार बघत बोलणाऱ्याचं तसं होत नसावं.

शेजारी काशाच्या चकत्या. मधोमध दांडी, काहींची भरीव, काहींची पोकळ. इ.स.पू. चौथ्या शतकात प्रत्येक पंचाला दोन्ही मिळत: भरीव म्हणजे निर्दोष, पोकळ म्हणजे दोषी. अंगठा आणि बोट दांडीच्या टोकांवर धरलं की कोणती कुठल्या पेटीत टाकली ते शेजाऱ्याला कळत नाही. गाईडने एक धातूची नक्कल हातात दिली. बहिणीने ती बोटांत धरून फिरवून पाहिली आणि परत द्यायला वेळ लावला.

मग गाईडने पिशवीतून प्लास्टिकची दोन भांडी काढली, तोटी लावलेली, दीड मिनिटाची. बाहेरच्या ओसरीत आम्हाला बसवलं आणि खटला दिला: प्रोटागोरस आणि त्याचा शिष्य युअ‍ॅथलस. करार असा की अर्धी फी आधी, उरलेली शिष्य पहिला खटला जिंकेल तेव्हा. शिष्य शिकून बाहेर पडला आणि खटलाच घेईना. गुरूने त्याच्यावर दावा लावला. गुरू म्हणतो, मी जिंकलो तर निकालाप्रमाणे तू पैसे देशील. हरलो तर तू पहिला खटला जिंकलास, म्हणजे कराराप्रमाणे देशील. शिष्य उलटून म्हणतो, मी जिंकलो तर निकालाप्रमाणे देणं नाही. हरलो तर कराराप्रमाणे देणं नाही.

तर्कशास्त्राच्या कुठल्याही मास्तराला हा खटला पाठ असतो. इकडे आड, तिकडे विहीर या प्रकारच्या युक्तिवादाचा नमुना म्हणून तो शिकवतात. मी गुरूची बाजू घेतली. पोर्तुगालहून आलेल्या एका इंजिनिअरने शिष्याची. दीड मिनिट पाणी पडेपर्यंत बोललो. तीस वर्षांत मी दुसऱ्यांना उभं केलं होतं. धारेकडे बघत स्वतः बोलायची ही पहिलीच वेळ, आणि शेवटच्या थेंबापर्यंत माझा आवाज स्थिर राहिला नाही. मग गाईडने पंचांना विचारलं. पंच म्हणजे उरलेले बारा जण. हात वर व्हायच्या आधी माझी बहीण म्हणाली, ‘ताई, हा तर दोन वह्यांचा हिशेब झाला. येणं असेल तेव्हा कराराची वही उघडायची आणि करार अडचणीचा झाला की कोर्टाची. दोघंही तेच करताहेत. आधी एक वही ठरवा ना.’

मी तिचं म्हणणं इंग्रजीत सांगितलं. गाईड क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘या सहलीत हे इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं.’ हाच त्या खटल्यातला दोष आहे: एकाच युक्तिवादात मोजपट्टी मधेच बदलणं. आयुष्यभर औषधाच्या नोंदी दोन रजिस्टरांत ताडून बघणाऱ्या बाईला तो दिसला. मी तो फळ्यावर चार ओळींत मांडायचे, पण दोन वह्या असं कधी म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र गाईडने सुधारायला हवी. ही कथा तिने घडलेली घटना म्हणून सांगितली. ती आपल्यापर्यंत येते औलस गेलियस या रोमन लेखकाकडून, प्रोटागोरसनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, आणि अशीच कथा कोरॅक्स आणि टिसियस या गुरू-शिष्यांचीही सांगतात. गोष्ट म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नको.

याहून मोठी तक्रार त्या कार्डाची. मध्यंतरात प्रत्येकाला एक प्लास्टिक चढवलेलं कार्ड मिळतं: ‘दहा ग्रीक तर्कदोष’. त्यात ‘स्ट्रॉ मॅन’, म्हणजे समोरचा म्हणालाच नाही ते खोडणं, ‘स्लिपरी स्लोप’, म्हणजे एक पाऊल टाकलं की पुढची घसरण अटळ मानणं, ‘अ‍ॅड होमिनेम’, म्हणजे मुद्दा सोडून माणसावर घसरणं. ही नावं ग्रीक नाहीत. ‘अ‍ॅड’ने सुरू होणारी लॅटिन नावं फार नंतरची, त्यातली काही तर इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० मध्ये चलनात आणली. अ‍ॅरिस्टॉटलने स्वतः तेरा दोष मोजलेत: सहा भाषेतून येणारे, सात भाषेबाहेरचे. एकाच शब्दाचे दोन अर्थ, वाक्याच्या रचनेतली संदिग्धता, वेगळं ते जोडणं, जोडलेलं ते तोडणं, सिद्ध करायचं तेच आधी धरून चालणं, एका प्रश्नात अनेक प्रश्न कोंबणं. हे खरं ग्रीक कार्ड. तेरा नावं एका कार्डावर सहज मावतात, आणि ज्या शहरात ती मोजली गेली तिथे तरी तीच असावीत.

मी हे तिला बाजूला घेऊन सांगितलं, वर्गात सांगतात तसं नाही. तिने विचारलं, तुमच्या भाषेत यांना काय म्हणता? तर्कदोष म्हणतो, जुन्या परिभाषेत हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखं दिसतं पण हेतू नव्हे. आणि पोथीतल्या नावांपेक्षा बोलीतली माझ्या मुलांना लवकर कळत. जे समोरचा म्हणालाच नाही त्यावर तुटून पडणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. एकापाठोपाठ घडलं म्हणून कारण ठरवणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. यावर ती खूश झाली, कारण अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरच्या ग्रंथात अगदी हेच उदाहरण राजकारणातलं दिलंय: डेमाडीस हा पुढारी म्हणे, डेमॉस्थेनिस या दुसऱ्या पुढाऱ्याचं धोरण सगळ्या संकटांचं मूळ, का, तर त्याच्यानंतर युद्ध आलं.

मग तिने आम्हाला कुत्र्याचा युक्तिवाद ऐकवला. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ संवादात दोन सोफिस्ट भाऊ एका तरुणाला विचारतात: तुझा कुत्रा आहे? आहे. त्याला पिल्लं आहेत? आहेत. म्हणजे तो बाप आहे? आहे. आणि तो तुझा आहे? माझाच. मग तो तुझा बाप, आणि तू पिल्लांचा भाऊ. सगळे हसले. मी तिला नवकंबलाची गोष्ट सांगितली. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रात, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, ‘छल’ या नावाखाली वादातल्या लबाड्या सांगितल्यात आणि वात्स्यायनाच्या त्यावरच्या भाष्यात उदाहरण आहे: कुणी म्हणालं, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे नव्या घोंगडीचा. समोरचा म्हणतो, याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत, एकच तर आहे! नव म्हणजे नवीन आणि नव म्हणजे नऊ. अ‍ॅरिस्टॉटलच्या यादीतला पहिला दोष हाच, एका शब्दाचे दोन अर्थ. न्यायसूत्र पुढे जाऊन वादाचेच प्रकार करतं: तत्त्व जाणण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची काही बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडायची ती वितंडा. त्या दोन भावांचं बोलणं कशात बसतं यावर आम्ही दोघी थोडा वेळ बोललो. ती वितंडा म्हणाली. मला जल्प वाटतो, कारण त्यांना जिंकण्यात रस आहे आणि ते दोन्ही बाजू घ्यायला तयार असतात. तिने कार्डाच्या मागे ते तिन्ही शब्द देवनागरीत लिहून घेतले.

संग्रहालयातल्या आणखी एका कपाटापुढे बहीण थांबली ती हलेना. औषधाच्या छोट्या मातीच्या बाटल्या, अंगठ्याएवढ्या. अगोराच्या नैऋत्येला तुरुंग मानल्या जाणाऱ्या इमारतीत अशा तेरा सापडल्या. तिथे हेमलॉकची, म्हणजे सॉक्रेटिसला मृत्युदंड म्हणून दिलेल्या विषाची, मात्रा ठेवत असावेत असा अंदाज आहे. गाईडने ती इमारत तुरुंगच म्हणून सांगितली. अभ्यासक तसं मानतात, पण पक्का पुरावा नाही, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. बहिणीला मात्र इमारतीशी देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, विष दिल्यावर काय झालं ते कुणी लिहिलंय का? लिहिलंय. विष देणारा माणूस सॉक्रेटिसचा पाय जोरात दाबून विचारतो, कळतंय का? नाही. मग पोटरी. मग हळूहळू वर. आणि शेजारच्यांना दाखवतो, बघा, कसा गार आणि ताठ होत चाललाय. बहीण म्हणाली, ‘स्पायनल दिल्यावर आम्ही असंच बघतो, ताई. चिमटा काढत वर वर जायचं आणि विचारत राहायचं.’ तिने हे हजारो वेळा केलं आहे, माणसांना वाचवताना. मग ती बराच वेळ गप्प होती.

शेवटचा टप्पा प्निक्स टेकडी. चढ सोपा आहे, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत. गुडघे दुखत असतील तर काठी हवी, आणि पाणी वर मिळत नाही. इथे अथेन्सची लोकसभा भरे, काही निर्णयांना सहा हजारांची गणसंख्या लागे. बोलायचा दगडी चौथरा आजही आहे. गाईडने स्वतःहून सांगितलं की हा चौथरा नंतरचा, चौथ्या शतकातला; पाचव्या शतकात सभेचं तोंड उलट दिशेला होतं. तुरुंगापाशी हवा होता तो काटेकोरपणा तिने इथे पाळला.

इथे ती पंचवीस मिनिटं बोलली आणि कुणी फोन काढला नाही. इ.स.पू. ४२७. लेस्बोस बेटावरच्या मिटिलिनी शहराने बंड केलेलं, बंड मोडलेलं. सभेने रागाच्या भरात ठरवलं: सगळ्या प्रौढ पुरुषांना मारा, बायका-मुलांना गुलाम करा. जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना वाटलं, हे फार झालं. पुन्हा सभा. क्लिऑन हा पुढारी उठला. म्हणाला, तुम्ही राज्य चालवायला बसलेले नाही, सोफिस्टांचा खेळ बघायला बसलेले आहात. आणि आता जो या लोकांच्या बाजूने बोलेल तो एकतर आपल्या वाक्चातुर्यावर भाळलेला असेल नाहीतर लाच खाल्लेला. विरोधक तोंड उघडायच्या आधीच त्याला विकला गेलेला ठरवायचं. सोफिस्टांना शिव्या देत सोफिस्टांचीच हत्यारं चालवणारा हा माणूस.

उत्तर दिलं डायोडोटसने. तो न्यायाचं नाव घेत नाही, दयेची याचना करत नाही. तो म्हणतो, आपण कोर्टात नाही; ते दोषी आहेत की नाहीत हा प्रश्न नाही, आपल्या फायद्याचं काय हा आहे. सगळ्यांनाच मारलंत तर पुढचं बंड करणारं शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल, कारण शरण येऊन सुटकाच नाही. हात वर झाले, जवळजवळ सारखे. डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरं जहाज सोडलं, एक दिवस आणि एक रात्र मागे. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच दारू आणि तेलात कालवलेलं सातूचं पीठ खाल्लं, आळीपाळीने झोपले. पहिलं जहाज अशा कामावर निघाल्यामुळे रेंगाळत जात होतं. तिथल्या सेनापतीने हुकूम वाचला होता, अंमल करायच्या बेतात होता, तेवढ्यात दुसरं जहाज पोचलं. शहर वाचलं. बंडाचे म्होरके, हजाराहून थोडे जास्त, तरीही मारले गेले. गाईडने हा आकडा लपवला नाही.

त्याच वर्षी गॉर्जियस आपल्या गावचा दूत म्हणून अथेन्सला आला आणि आपल्या बोलण्याने लोकांना थक्क करून गेला. मी चौथऱ्याजवळच्या दगडावर बसून होते. दुसऱ्या बाजूने बोलायची सवय त्या शहराला नसती, तर दुसरं जहाज निघालंच नसतं. डायोडोटसला मनातून काय वाटत होतं ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्या श्रोत्यांना जे पटेल ते त्याने शोधून काढलं. त्या मुलीने मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी इथून सुरुवात केली असती: दोन्ही बाजू शीक, पण भाषण मी लिहून देणार नाही.

साडेतीन तास झाले होते. लायसिअम, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलची शाळा, या सहलीत नाही. १९९६ मध्ये रिगिलिस रस्त्यावर एका नव्या संग्रहालयासाठी खोदताना ती सापडली. आम्ही दुसऱ्या दिवशी आपापल्या गेलो. कुत्र्याचा तो युक्तिवाद लायसिअममध्येच घडतो, त्यामुळे सहल तिथे संपवली तर जास्त शोभेल. सहल इंग्रजीतून आहे, बोलणं स्पष्ट आणि सावकाश. सकाळचीच वेळ घ्या. टेकडीवर साडेबारानंतर उभं राहवत नाही.

शेवटी मी तिला विचारलं, शेवटी द्या ही पद्धत प्रोटागोरसवरून घेतली का? म्हणाली, हो, फक्त देवळातली शपथ तेवढी सोडली, परवानगी मिळाली नाही. मी चाळीस युरो दिले. कार्डाचे पाच कापावेत असं मनात आलं होतं, पण पाणघड्याळापुढचं दीड मिनिट आठवलं आणि कापले नाहीत. बहिणीने स्वतंत्र साठ दिले. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, इतके कसे? ती म्हणाली, ‘शपथेवर सांगायचं तर मी तुझ्या फीचेही त्यात धरले. एकतीस वर्षं तू हे काय शिकवतेस ते मला आज कळलं.’